बिनपाण्याची गाडी

कोपरी, ठाणे (पूर्व)
८ जून २०२५

नीला,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. ‘चि. सौ.’ लिहिलं तर तू म्हणणार, दादाला आता आठवलं का आशीर्वाद द्यायचं. म्हणून नुसतं नाव लिहितो आणि सरळ कामावर येतो.

आपली बिल्डिंग पाडायची ठरली आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीही झाली. दसऱ्यापर्यंत घरं रिकामी करायची आणि कंपाउंडही. आवळ्याच्या झाडाखाली नानांची बीटल अजून तशीच उभी आहे. परवा बिल्डरचा माणूस आला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, हे भंगार कधी उचलणार?" मी त्याला चहा दिला नाही. तुझी देवयानीवहिनी म्हणते, एवढ्यावरून दारी आलेल्याला कोणी तसंच पाठवतं का. मी पाठवतो.

गाडी तुझ्या नावावर आहे. नानांनी ती परस्पर तुझ्या नावावर करून ठेवली होती, हे मला त्यांच्या तेराव्याला कपाट आवरताना कळलं, आणि त्या दिवसापासून आपण दोघं बोलत नाही. चौदा वर्षं झाली. मधे आई गेली तेव्हा तू आलीस, मी ‘पाणी घे’ म्हणालो, तू घेतलंस. बस. कोणाचं काय चुकलं ते मला आत्ता उकरायचं नाही. मला एवढंच हवंय की गाडी भंगारात जाऊ नये. दुरुस्त करून ती रस्त्यावर आणायची आहे. नोंदणीची मुदत कधीच संपली. ती पुन्हा करून घ्यायला मालकाची सही लागते. अर्ज सोबत आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. परतीचं पाकीट तिकीट लावून ठेवलं आहे.

फोन दोनदा केला, तू उचलला नाहीस. ठाण्याहून डोंबिवलीला पत्र टाकणारा माणूस पोस्टातल्या बाईंनी बऱ्याच वर्षांनी पाहिला असावा. त्यांनी पत्ता दोनदा वाचला.

केदार

ता. क. इंजिन आपला उत्तम उघडणार आहे. नानांच्या वेळचा मेकॅनिक, तुला आठवत असेल. आता केस गेले, बाकी तसाच आहे.


२९ जून २०२५

नीला,

सही मिळाली. सोबत एक ओळ लिहिली असतीस तर कागद काही फाटला नसता. पण ठीक. मालकीणबाईंची सही आली, आम्हा कामगारांना तेवढं पुरे.

मंगळवारी गाडी उचलून उत्तमच्या गॅरेजला नेली. माजिवड्याला हायवेच्या पलीकडे आहे, पुढे पत्र्याची शेड आणि मागे मोकळं आवार. चाकं फिरत नव्हती. उत्तमने ब्रेक सोडवले, चार जणांनी ढकलली आणि झाडाखालून निघाली तेव्हा जमिनीवर तिच्या आकाराचा कोरडा चौकोन राहिला. आवळे पडून टप गंजला आहे, मागच्या सीटखाली मांजराने दोन-तीन बाळंतपणं उरकलेली दिसतात. खालचा पत्रा मात्र शाबूत आहे. नानांच्या आधीच्या जर्मन मालकाने गाडी नीट ठेवली होती आणि नानांनी त्याहून नीट.

उत्तम दिवा गावात राहतो. परवा त्याच्याकडे चार दिवस नळ आला नव्हता, तरी गडी हसतच आला. म्हणाला, "साहेब, आमच्या दिव्यात ठेवायला हीच गाडी बरी. पाणीच मागत नाय."

मला पेट्रोल पंप आठवला. तुलाही आठवत असेल. नाना पेट्रोल भरायला थांबले की पंपावरचा माणूस पाण्याचा डबा घेऊन पुढचं बॉनेट उघडायचा, आणि आत नानांची छत्री, आईची डब्याची पिशवी. इंजिन कुठे गेलं? मग नाना ऐटीत मागे जायचे. "इंजिन इकडे. आणि याला पाणी लागत नाही, हवा लागते." मग आपली परीक्षा. हवा आत कुठून येते? मागच्या काचेखालच्या फटींतून. कोण ओढतं? पंखा. कुठे जाते? तेल गार करणाऱ्या जाळीवरून, सिलिंडरवरून, खाली बाहेर. तू नेहमी माझ्याआधी उत्तर द्यायचीस. मी मोठा असून. वागळे इस्टेटमधून मायदेशी परतणाऱ्या त्या जर्मन इंजिनिअरने गाडी नानांना दिली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, तू अकराची, आणि क्लच कसा सोडायचा हे तुला आधी जमलं. हे मी कधी कबूल केलं नव्हतं, आता केलं.

पण घाटातल्या त्या दिवसाबद्दल माझं मत तेच आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाना-आईला घेऊन तू मावशीकडे नाशिकला निघालीस, आणि कसारा घाटात इंजिन जाम झालं. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा लागला असणार आणि तू थांबली नसणार. त्या गाडीत धोक्याचा दिवा हिरवा आहे, माणूस फसतो, हे मान्य. पण तू फसायला नको होतीस. इंजिन उघडलं की कळेलच.

केदार


२० जुलै २०२५

नीला,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितो. काम चालू आहे हे मालकाला कळवलं पाहिजे.

इंजिन खाली उतरवलं. चार बोल्ट काढले की जॅकवर अलगद खाली येतं, रेल्वेतून सामान उतरवावं तसं. तेल काढलं. तेल कमी नव्हतं. अडीच लिटर असायला हवं, जवळजवळ तेवढंच निघालं. काळं डांबर झालेलं, पण पुरेपूर. म्हणजे तेलाबद्दल मी जे म्हणत होतो त्यात तथ्य नव्हतं. हे आपलं नोंदीसाठी.

तीन नंबरचा पिस्टन सिलिंडरला चिकटला आहे. बाकी तिन्ही सुटे. उत्तम म्हणतो या इंजिनात तीन नंबरच आधी मरतो, कारण तेलाची जाळी त्याच्याच वाटेत उभी असते, त्याला मिळते ती हवा आधीच गरम झालेली. त्यात जाळीच चोंदली तर संपलंच.

पंख्यावरचं पत्र्याचं कव्हर काढलं. आत थोडा कचरा होता. उंदराने घर केलं असावं. इतकी वर्षं उभी गाडी, उंदीर येणारच.

एक सहज विचारतो. त्या दिवशी निघताना गाडीला दसऱ्याचा हार तसाच होता का? तू काढला होतास की नाही, आठवतंय? काही विशेष नाही, उत्तम विचारत होता.

पावसाने गॅरेजच्या आवारात तळं झालं आहे. मी गमबूट घेतले. देवयानी हसते.

केदार


१० ऑगस्ट २०२५

नीला,

बरीच प्रगती आहे. नवे पिस्टन आणि सिलिंडर मिळाले, चारींचा अख्खा संच. पुण्याच्या एका गृहस्थांकडे तीन बीटल आहेत, त्यांनी त्यांच्या साठ्यातला दिला. वेडा माणूस. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी कार्ब्युरेटर ठेवतो. त्याची बायको मला म्हणाली, "तुमच्या घरीही असंच का?" मी म्हटलं, आमची फक्त एकच आहे, आणि तीही माझी नाही, बहिणीची आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

रंग मूळचाच द्यायचा, पिस्त्यासारखा फिकट हिरवा. आवळ्याने खाल्लेला टप उत्तमने ठोकून सरळ केला. सीटची कव्हरं आईने शिवलेली होती ती टिकली नाहीत. तिने वापरलेल्या कापडाचा एक तुकडा मी काढून ठेवला आहे. गाडीतलं सगळं वायरिंग मी स्वतः नव्याने ओढलं. छत्तीस वर्षं कारखान्यात तेच तर केलं. पुढचे दिवे, मागचे दिवे, हॉर्न, सगळं चोख. हिरवा दिवाही लागतो.

उत्तम म्हणत होता की बंद गाडीत काही आपोआप आत जात नाही. पंखा फिरत असेल तरच तो ओढून घेतो. हे त्याने मला तीन वेळा सांगितलं. मी त्याला सांगितलं, कळलं, एकदा सांगितलं तरी कळतं.

देवयानीला माझ्या ड्रॉवरमध्ये एक वस्तू सापडली. ‘हे काय जपून ठेवलंय’ म्हणाली. काही नाही म्हणालो. मग ती म्हणाली, "नीलाला लिहिलंस का?" लिहिलं म्हणालो. आता हे पत्र पूर्ण केलं म्हणजे मी खोटं बोललो असं होणार नाही, असं ठरवून बसलो होतो. पण पान संपत आलं.

बाकी ठीक.

केदार


७ सप्टेंबर २०२५

नीला,

काल गणपती पोचवून आलो. घर सुनं लागतंय, त्यात अर्धं सामान खोक्यांत. लिहायला याहून बरी वेळ येणार नाही.

कव्हरात उंदराचं घर नव्हतं. झेंडू होता. सुकून तपकिरी झालेला, तेलाच्या जाळीच्या फटींत गच्च बसलेला, काड्या आणि पाकळ्या आणि सुतळीचे तुकडे. उत्तमने स्क्रूड्रायव्हरने खरवडून वर्तमानपत्रावर काढला. त्यात एक पिवळी वायर होती. वीतभर. तिला एका टोकाला दुहेरी पीळ होता आणि टोक आत वळवलेलं. उत्तमने ती उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "साहेब, हा पीळ तर तुमचा हाय." छत्तीस वर्षं मी वायरचं टोक असंच वळवतो, कोणाचं बोट कापू नये म्हणून. त्याच्या गॅरेजचं सगळं वायरिंग मीच करून दिलेलं आहे, त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

आता तो दसरा लिहितो. तुला माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहिला पाहिजे.

दोन ऑक्टोबर दोन हजार सहा. आईने जांभळी नाक्यावरून झेंडू आणवला आणि सकाळपासून हार करत बसली. नाना दरवर्षी हार पुढे घालायचे, बॉनेटला. मी त्यांना म्हणालो, "नाना, इतकी वर्षं तुम्ही डिकीची पूजा करताय. इंजिन मागे आहे." सगळे हसले. तूही हसलीस. नानाही हसले आणि म्हणाले, "मग बांध मागे." माझा विनोद झाल्यावर मला राहवतंय थोडंच! मागचं झाकण उताराचं, हार घसरत होता. मी घरातून पिवळी वायर आणली, झेंडूत दिसू नये म्हणून मुद्दाम पिवळी, आणि काचेखालच्या फटींतून आत ओवून पक्की पिळली. ज्या फटींतून हवा आत जाते त्याच फटी. नानांनी लहानपणी शंभरदा पाठ करून घेतलेलं उत्तर मला येत होतं, आणि तरी मी त्या फटींवर बोटभर जाडीचा हार बांधला. हार हलता कामा नये, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चावी घेतलीस आणि मला विचारलंस, "दादा, हार काढू का रे?" मी म्हणालो, "राहू दे. दसऱ्याचा हार हाताने काढू नये, आपोआप सुकून पडू द्यावा."

जुलैच्या पत्रात मी ‘सहज’ विचारलं होतं की हार काढला होतास का. ते सहज नव्हतं. तू विचारलं होतंस आणि मी नको म्हटलं होतं, हे मला लिहितानाही आठवत होतं. तू कदाचित विसरली असशील आणि ‘नाही काढला’ असं लिहून पाठवशील, म्हणजे थोडा तरी दोष तुझ्याकडे सरकेल, असा हिशेब होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. साठी उलटलेल्या माणसाने बहिणीला असा सापळा लावावा याची मला लाज वाटते.

घाटात मी ट्रक घेऊन आलो तेव्हा पहिलं वाक्य काय बोललो तेही आठवतं. नाना-आईच्या देखत, ट्रकवाल्याच्या देखत. "दिवा दिसत नसेल तर गाडी चालवतेस कशाला?" तू म्हणालीस, दिवा लागला तशी थांबले. मी ऐकलं नाही. तू चावी माझ्या हातात ठेवलीस. आणि नानांच्या तेराव्याला कागद सापडल्यावर, सगळे नातेवाईक पानावर बसलेले असताना, मी म्हणालो, "ज्या हाताने मारली त्याच हातात दिली." उचलली जीभ लावली टाळ्याला. तू ताट तसंच सोडून उठलीस.

तुझी लेक कादंबरी मधे देवयानीला भेटली होती. तिने सांगितलं की आईने म्हणजे तू त्या दिवसानंतर कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाहीस. घरी गाडी असून रिक्षाने जातेस. मी ते ऐकलं आणि बरं वाटून घेतलं होतं. म्हटलं, तिलाही कळलंय तिचं चुकलं. नीला, तुझं काही चुकलं नव्हतं. इंजिन मी मारलं. तीन नंबर जळत असतानाही तू नाना-आईला सुखरूप घाटात बाजूला आणून उभं केलंस. माझी चूक एकोणीस वर्षं तू वागवलीस, आणि त्या एकोणीस वर्षांत तू किती गाडी चालवली असतीस याचा मी आता रोज हिशेब करतो. मला माफ कर, असं लिहितो. तीन ओळी खोडून शेवटी एवढंच उरलं.

वायर पाकिटात आहे.

इंजिन बसवून झालं आहे. हाताने फिरवून पाहिलं, छान मोकळं फिरतं. चालू केलेलं नाही. उत्तम रोज डोकं खातो, "मारा ना साहेब सेल्फ, एकदा आवाज तरी ऐकू द्या." मी त्याला सांगितलं, मालक येईपर्यंत कोणी चावी फिरवायची नाही. नोंदणीच्या तपासणीची तारीख दसऱ्यानंतरची मिळाली आहे, तोवर गाडी आवाराबाहेर काढता येत नाही, पण आवार बऱ्यापैकी मोठं आहे. या वर्षीही दसरा दोन ऑक्टोबरलाच आहे. मी पंचांग दोनदा पाहिलं.

तू नाही आलीस तरी गाडी तुझीच. उत्तमने जागा दिली आहे, तिथे झाकून उभी राहील. मी तिला हात लावणार नाही.

दादा


डोंबिवली (पूर्व)
२४ सप्टेंबर २०२५

दादा,

पाचही पत्रं मिळाली. पहिल्या चारांना उत्तर देण्यासारखं काही नव्हतं. शेवटचं दोनदा वाचलं.

हार मी विसरले नव्हते. घाटात गाडी थांबल्यावर मी मागचं झाकण उघडलं, तेव्हाच पाहिलं. पंख्याच्या तोंडाशी पाकळ्या चिकटलेल्या, जळका वास. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "नीले, माझ्या हाराने तर नाही ना गं काही झालं?" मी म्हटलं, नाही गं, हाराने कधी इंजिन बंद पडतं का. आणि तिला गाडीत बसायला पाठवून हाताला लागतील तेवढ्या पाकळ्या काढून दरीत टाकल्या. वायर मी शोधली होती. ती आत गेली असणार हे तेव्हाच कळलं.

मग तू ट्रक घेऊन आलास आणि बोललास. हार आईने केला होता आणि गाठ तू मारली होतीस. तुला खरं सांगायचं तर आईलाही कळणार. एक सांगून दुसरं लपवता येत नव्हतं. आईला एकदा नाही म्हटलं, मग सगळ्यांनाच नाही म्हणावं लागलं. त्यानंतर तेरा वर्षं ती दर दसऱ्याला त्या बंद गाडीसाठी हार करत होती हे तुला माहीत आहे. तिला कळलं असतं तर तिने पुन्हा फुलाला हात लावला नसता.

नानांना एकट्यांना सांगितलं होतं, त्याच आठवड्यात. बऱ्याच दिवसांनी नाना गाडीचे कागद आणून म्हणाले, सही कर. मी विचारलं, दादाला? ते म्हणाले, त्याला कळेल तेव्हा कळेल.

आई गेल्यावर मी तुला सांगू शकले असते. सहा वर्षं झाली त्याला. पण तोवर मला तुझ्यावर रागवायची सवय झाली होती, आणि सवय मोडायला काहीतरी निमित्त लागतं. तेवढी माझी चूक आहे, ती मी घेते. तेराव्याला जे बोललास ते मात्र मी अजून सोडलेलं नाही. त्याचं एका पत्रात भागणार नाही, समोर बसून बोलावं लागेल.

दसऱ्याला दहा वाजता माजिवड्याला येते. उत्तमला सांग, चावी गाडीलाच लावून ठेव आणि सेल्फला हात लावू नकोस. पहिला आवाज मी ऐकणार.

माझं लायसन्स केव्हाच बाद झालं होतं. तुझं पत्र आल्यावर अर्ज केला, काल शिकाऊ लायसन्स हातात पडलं. सत्तावन्नाव्या वर्षी. कादंबरी पोट धरून हसली. तेव्हा लाल ‘एल’ची पाटी पुढे-मागे लावून ठेव. तपासणी झाली की नाशिकला जायचं, मावशी वाट बघते आहे. शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्क्या लायसन्सवालं कोणीतरी बसलेलं लागतं. तू बसशील. घाटात तोंड उघडायचं नाही, दिवा लागला तर मला दिसेल.

हार मीच करून आणते, आईसारखा. पुढे घालायचा, डिकीला, नाना घालायचे तसा. तू वायर आणू नकोस. गाठ मी मारणार.

नीला